पाटीवरचा ‘ळ’

शिलालेख आणि ताम्रपट वाचणाऱ्या विद्वानांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. दुकानाच्या पाटीकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून फारसे कुणी पाहत नाही. कारण उघड आहे. शिलालेख राजाचा असतो, पाटी वाण्याची. शिलालेख हजार वर्षे टिकतो. पाटी चाळीस-पन्नास वर्षांत पोपडे धरते आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. पण गावात कोण माणसे राहत होती, ती कोणत्या भाषेत व्यवहार करीत आणि अक्षर कसे वळवीत, हे रोज सर्वांना दिसेल असे लिहून ठेवण्याचे काम पाटीनेच केले आहे. द्वैभाषिक मुलखात राहणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पाटीवरून वाद होतात, मोर्चे निघतात, कधी डांबर फासले जाते. वाद असतो तो पाटी कोणत्या भाषेत असावी याचा. आपलीच जुनी पाटी नव्याने लिहिण्याची वेळ आली तर तिच्यातले काय जपायचे, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात कुणी विचारीत नाही. या लेखाचा विषय तो आहे, आणि त्यासाठी वाचकांना मी इंदूरला नेणार आहे.

इंदूरलाच का, तर दोन भाषांनी एकाच रस्त्यावर शतकाहून अधिक काळ संसार केला असे ते शहर आहे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वराहून येथे स्थिरावली. राजा मराठी, मुलूख माळव्याचा. कारकून, शास्त्री, वैद्य, मास्तर अशी मराठी घरे राजवाड्याच्या आसपास वसली आणि घरात मराठी, बाजारात माळवी-हिंदी अशी त्यांची जीभ दोन्हीकडे वळू लागली. गावाचे नावसुद्धा आपण इंदूर म्हणतो आणि हिंदी भाषक इंदौर म्हणतात. १९१७ मध्ये येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. १९३५ साल तर विलक्षणच म्हटले पाहिजे. त्या एकाच वर्षात दोन्ही भाषांची संमेलने इंदूरला झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी. मराठीचे अध्यक्ष औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, जे स्वतः उत्तम चित्रकार होते. पुढे २००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन पुन्हा येथे आले. दोन भाषांचे असे शेजार ज्या गावात आहे, तेथे पाटीवरच्या अक्षराला काय काय सोसावे लागते ते नीट दिसते.

माझी थोरली बहीण इंदूरला दिली आहे. राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर भावोजींचे मराठी पद्धतीच्या मसाल्यांचे आणि वाळवणाचे छोटे दुकान आहे. त्यांच्या आजोबांनी ते १९३८ मध्ये काढले. दुकानाच्या दाराशी भिंतीला काटकोनात एक पाटी टांगलेली असे. लोखंडी पट्टीची चौकट, तिच्यात दोन्ही बाजूंना पत्रा, म्हणजे रस्त्याने कोणत्याही दिशेने येणाऱ्याला वाचता यावी अशी दुतोंडी पाटी. वर दुकानाचे नाव, खाली एका ओळीत ‘काळा मसाला, भाजणी, लोणची, शेवया’, त्याखाली ‘स्थापना १९३८’, आणि उजव्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात रंगाऱ्याचे नाव व साल. नाव गंजाने खाल्ले होते. १९५८ हे साल उरले होते.

या पाटीचे पूर्वेकडचे तोंड शेजारच्या इमारतीच्या सावलीत असल्यामुळे बऱ्यापैकी शाबूत होते. पश्चिमेकडचे तोंड दुपारच्या उन्हाने आणि पावसाच्या झडीने पार गेले होते. खालच्या कडेला पत्र्याची चाळण झाली होती. भाच्याचे म्हणणे, सगळीच पाटी काढून टाकावी आणि फ्लेक्स लावावा. दोन तासांत छापून मिळतो. भावोजींचे म्हणणे, चांगले तोंड ठेवावे आणि गेलेले तेवढे बदलावे. शेवटी भावोजींचेच चालले, आणि मी दसऱ्याच्या सुट्टीत तेथे असल्याने व इतिहासात एम. ए. केलेले असल्याने देखरेखीचे काम माझ्याकडे आले. आता एकाच चौकटीत एक तोंड पासष्ट वर्षांचे आणि दुसरे आजचे, ही दोन्ही एकमेकांशी कशी जुळवायची? काम वाटते तितके सोपे नाही.

आधी पाटी म्हातारी कशी होते ते समजून घेतले पाहिजे. रंगात दोन गोष्टी असतात. एक रंगाची पूड, आणि दुसरे ती पूड धरून ठेवणारे तेल किंवा राळ. ऊन आधी मारते ते या धरणाऱ्याला. तेल मेले की पूड सुटी होते आणि पाटीवरून बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी लागते. हिरव्या जमिनीवर राखेची झाक येते ती यामुळे. पांढरा रंग तेलाच्या वयाबरोबर पिवळसर होतो. तांबड्यांतही जातिभेद आहेत: गेरू म्हणजे लोहाची माती, ती शतकानुशतके ढळत नाही; पण कारखान्यातले काही भडक लाल रंग थोड्या वर्षांत गुलाबी पडतात. काजळीपासून केलेला काळा मात्र उन्हाला दाद देत नाही. आपल्या पोथ्यांतली शाई आजही काळीभोर असते, कारण तीही काजळीचीच. भावोजींच्या पाटीची जमीन हिरवी, अक्षरे पांढरी आणि अक्षरांना उजवीकडून लाल सावली होती. पूर्वेकडच्या तोंडावर हिरव्याचा करडा-हिरवा, पांढऱ्याचा सायीचा रंग आणि लालाचा विटकरी झाला होता. पश्चिमेकडे लाल सावली संपूर्ण नाहीशी झालेली.

पण चौकटीची पट्टी काढली, आणि तिच्याखाली झाकलेली बोटभर कड उघडी झाली. तेथे ऊन कधी पोचलेच नव्हते. तो हिरवा रंग पाहून ताई उद्गारली, “अरे, ही तर सासूबाईंच्या पैठणीसारखी दिसते!” भावोजी नुसते पाहत राहिले. लहानपणापासून ते ज्या पाटीखालून ये-जा करीत होते, तिचा खरा रंग त्यांनीही इतका जुन्या काळी पाहिला होता की तो विसरून गेला होता. जुन्या पाटीचा मूळ रंग शोधायचा असेल तर चौकटीखाली, खिळ्याच्या टोपीखाली किंवा कडीच्या मागे शोधावा. हा नियम घरच्या नावाच्या पाटीलाही लागू आहे.

रंगापेक्षा महत्त्वाचे काम अक्षरांचे. पूर्वेकडच्या तोंडावर पारदर्शक कागद लावून अक्षरे उतरवून घेता आली. पश्चिमेकडचे तोंड नुसत्या डोळ्यांना वाचता येत नव्हते. मात्र हाताला लागत होते. जेथे अक्षर असते तेथे जमिनीच्या रंगावर अक्षराच्या रंगाचा आणखी एक थर चढलेला असतो. तेवढ्या जाडीने खालचा पत्रा अधिक काळ वाचतो आणि भोवतालची जागा झिजली की अक्षर किंचित उठून राहते. त्यावर पातळ कागद धरला आणि शिसपेन्सिल आडवी करून हलकेच घासली, तर अक्षरे कागदावर उमटू लागली. शिलालेखाचा ठसा घेणारे अभ्यासक ओला कागद दगडावर बसवून शाईची पुरचुंडी फिरवतात, त्याचाच हा गरिबाघरचा भाऊ.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा एक गंमत दिसली. दोन्ही तोंडे सारखी नव्हती. पश्चिमेकडे ‘काळा मसाला’ ऐसपैस लिहिला होता आणि शेवटी जागा कमी पडल्याने ‘शेवया’ दाटीवाटीने बसवल्या होत्या. पूर्वेकडे चारही शब्द नीट वाटणीने आले होते. म्हणजे १९५८ च्या त्या रंगाऱ्याने आधी पश्चिमेकडचे तोंड लिहिले, अंदाज चुकला, आणि दुसरे तोंड लिहिताना तो सावरला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या एका अनाम कारागिराचा एक दिवस त्या दोन कागदांत सापडला. मग नव्या तोंडावर कोणते उतरवायचे? भाचा म्हणाला, चांगले असेल ते. मी म्हणालो, जे तोंड बदलायचे त्याचेच. शेवया दाटीत बसल्या होत्या, त्या दाटीतच बसोत. दुसऱ्या तोंडाची प्रत केली असती तर पाटी अधिक देखणी झाली असती. पण मग तिला जुळवणे म्हणता आले नसते.

काम करायला जे रंगारी आले ते साठी उलटलेले, माळव्यातल्या एका खेड्यातून लहानपणी इंदूरला आलेले. फ्लेक्स आल्यापासून हातातले काम गेले आणि आता ट्रकवरची नावे, शाळेच्या भिंतीवरची सुभाषिते एवढेच उरले आहे, असे ते सांगत. या कारागिरीला आपण हलके लेखतो. इंदूरात तर तसे मुळीच करू नये. या गावात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रकलेची शाळा उभी केली. तिच्यातून नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार तयार झाले. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदूरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन हेही देवळालीकरांकडे शिकले. आणि मुंबईला गेल्यावर पोटासाठी त्यांनी सिनेमाचे भले मोठे फलकच रंगवले. रस्त्यावरच्या फलकापासून चित्रशाळेपर्यंतचे अंतर आपण समजतो तितके मोठे नाही.

रंगाऱ्यांनी पद्धत जुनीच वापरली. नवा पत्रा घासून त्यावर रेड ऑक्साइडचा हात, तो सुकल्यावर जमिनीचे दोन हात. खडू लावलेला दोरा ताणून सूत मारले आणि ओळींच्या रेघा पाडल्या. अक्षरांच्या कडेने कागदाला सुईने बारीक भोके पाडून खाका केला, तो पत्र्यावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की ठिपक्याठिपक्यांनी अक्षर पत्र्यावर उतरते. मग चपट्या कुंचल्याने ते भरायचे. मनगट टेकायला डाव्या हातात एक काठी.

पण खाका करण्यापूर्वी त्यांनी सवयीने एक कच्चे लेखन खडूने करून दाखवले. अक्षर सुरेख, हात ठाम. पण ओळ होती ‘काला मसाला, भाजणी, लोणची, शेवया’, आणि त्यातला प्रत्येक ल उजवीकडे उभी दांडी असलेला, श गाठीचा. मी ‘काला’वर बोट ठेवले. ते म्हणाले, “सर, काला मसाला ही तो है?” मी म्हणालो, “नाही, काळा.” त्यांनी तो शब्द तोंडात एकदा फिरवून पाहिला आणि हसले. “बोलते तो हम भी हैं, सर। हमारे गाँव में काळो ही बोलते हैं। लिखते नी हैं।”

हे उत्तर मला फार शिकवून गेले, आणि येथे थोडे मागे जाऊन अक्षरांचा इतिहास पाहिला पाहिजे.

देवनागरी एक असली तरी तिची वळणे दोन होती. एक मुंबईकडचे, दुसरे उत्तरेकडचे. छापखाने आल्यावर ती वळणे शिशात ओतली गेली. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये अक्षरांचे खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले तेथले टाइप इतके सुबक होते की मराठी डोळ्याला ‘चांगले अक्षर’ म्हणजे तेच अक्षर अशी सवय लागली. अ, झ, ण, ल, श ही अक्षरे आणि ५, ८, ९ हे आकडे दोन वळणांत वेगळे दिसत. मराठी ल म्हणजे देठावरच्या दोन पाकळ्या. उत्तरेकडच्या ल ला उजवीकडे पुरी दांडी. मराठी श देठाचा, उत्तरेकडचा गाठीचा.

मग लिपी एकसारखी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. वर ज्या १९३५ च्या हिंदी संमेलनाचा उल्लेख केला, त्यातच नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि तिची सूत्रे काकासाहेब कालेलकरांकडे, म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या मराठी माणसाकडे आली. १९५३ मध्ये लखनौला लिपी परिषद झाली. १९६६ मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालयाने मानक वर्णमाला प्रसिद्ध केली. या सगळ्या खटाटोपातून जे निघाले ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मानक हिंदीने अ, झ आणि ण ही अक्षरे मुंबई वळणाची घेतली, आणि ल व श उत्तरेकडचे ठेवले. दिल्लीतला किंवा पाटण्यातला मुलगा आज जो अ गिरवतो तो आपल्याकडून गेलेला आहे. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांतही मधल्या काळात दांडीचा ल आणि गाठीचा श शिरला. पुढे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वळणाचे ल व श पुन्हा मान्य केले.

तेव्हा वळणाच्या बाबतीत ‘त्यांनी आमचे घेतले’ असा आक्रोश करण्यात अर्थ नाही. ही देवाणघेवाण होती. दांडीच्या ल ला विरोधी अक्षर समजू नये; तो शेजाऱ्याचा ल आहे. माझ्या शाळेतली निम्मी मुले तसाच काढतात आणि मी त्यांचे गुण कापीत नाही. पण जुन्या पाटीची जोड पाटी लिहायची असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे पाकळीचा ल हा १९५८ च्या हाताचा पुरावा आहे. तो बदलला तर शब्द तोच राहतो, पण लिहिणारा कोण होता आणि कोणत्या छापील पानावर नजर ठेवून त्याने अक्षर घटवले होते, हे पुसले जाते. म्हणून ल आणि श मी जुन्या वळणाचेच लिहवून घेतले.

ळ ची गोष्ट मात्र वळणाची नव्हे. तो एक स्वतंत्र ध्वनी आहे. ल च्या जागी ळ आला की मराठीत अर्थ बदलतो. कल आणि कळ, गाल आणि गाळ, वेल आणि वेळ, पाल आणि पाळ. हा ध्वनी काही केवळ आपला नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे. गुजरातीत आहे, कन्नडात आहे, तेलुगूत आहे, आणि प्रत्येकात त्याला आपापले अक्षरही आहे. सीमाभागातल्या आपल्या कन्नड किंवा गुजराती शेजाऱ्याला ळ शिकवावा लागत नाही. माळवी आणि निमाडी या बोलींतही तो जिवंत आहे. नाही तो मानक हिंदीच्या रोजच्या लेखनात. त्यामुळे माळव्यातला माणूस गावी काळो म्हणतो, शाळेत काला लिहितो, आणि आयुष्यभर पाट्या रंगवूनही आपल्याच तोंडातले अक्षर त्याच्या कुंचल्याला भेटत नाही. देवळालीकरांचे नावसुद्धा हिंदीत देवलालीकर असेच लिहिले जाते. नाशिकजवळच्या देवळालीचा त्या नावाशी असलेला धागा तेथे एका अक्षराने सुटतो. हिंदीचा यात दोष नाही. तिच्या नेहमीच्या वर्णमालेत जे आहे ते ती लिहिते. पण आपली पाटी आपण लिहवून घेतो तेव्हा ते अक्षर देण्याचे काम आपले आहे.

रंगाऱ्यांनी ळ चा खाका केला, आणि पत्र्यावर चढवण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदावर पाच-सहा वेळा तो गिरवला. भावोजींची आठ वर्षांची नात तेथेच उभी होती. ती घरात डाळ, पोळी, काळा सगळे शुद्ध बोलते. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा हिंदी. तिने विचारले, “हा कोणता लेटर आहे?” रंगाऱ्यांनी तिला सांगितले, “काळो वाला।” घरात सहा पिढ्या मराठी बोलली जात असताना ते अक्षर तिला एका माळवी माणसाने शिकवले. ती ज्या रस्त्याने शाळेत जाते त्यावर ळ लिहिलेली दुसरी पाटी मला दिसली नाही.

उरला प्रश्न वयाचा. अक्षर हुबेहूब झाले. रंगाचे काय करायचे? येथे तीन मते पडली. भावोजींना चौकटीखाली सापडलेला मूळ झगझगीत हिरवा हवा होता. भाच्याचे मत आता फिरले होते. त्याला पाटी मुद्दाम जुनाट करून हवी होती, कारण जुनाट दिसणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक येते. हे कसब अवघड नसते. ओल्या रंगावर चिंधी मारायची, कडा घासायच्या, गेरूच्या पाण्याने गंजाचे ओघळ काढायचे. मला हे पटेना. झीज ही त्या पत्र्याने सोसलेल्या उन्हापावसाची असते. न सोसलेले ऊन रंगवून दाखवणे म्हणजे खोटे वय सांगणे होय.

इंदूरला राहून याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. अहिल्याबाईंचे नाव जीर्णोद्धाराशी कायमचे जोडले गेले आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये बांधविले. त्यांनी तेथे देवाचे स्थान राखले, पूजा राखली; पूर्वीच्या मंदिराची नक्कल उभी केली नाही, आणि नवे काम जुने भासावे असाही खटाटोप केला नाही. दुसरे उदाहरण राजवाड्याचे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असा हा सात मजल्यांचा दर्शनी भाग सर्वांनी चित्रांत पाहिलेला असतो. १९८४ च्या दंगलीत वाड्याला आग लागली आणि मागचा भाग जळून गेला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो जुन्या आराखड्यावर, वीट, चुना आणि लाकूड वापरून पुन्हा उभा केला. आत गेल्यावर खांबांची आणि कमानींची ठेवण जुन्याशी जुळते. पण लाकूड नवे आहे हे कुणीही ओळखतो, आणि ओळखू नये असा प्रयत्नही दिसत नाही. ठेवण परंपरेची, वय आपले स्वतःचे. पाटीलाही हाच न्याय लावावा असे मी सुचवले.

तसा मधला मार्ग निघाला. मूळ हिरव्यात रंगाऱ्यांनी स्टेनरने थोडी पिवडी आणि किंचित काळा मिसळून तो जरा शांत केला, म्हणजे दोन तोंडे एकाच चौकटीत परक्यासारखी दिसू नयेत. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब. दर वेळी पत्र्याच्या तुकड्यावर नमुना काढून तो सुकू द्यायचा आणि मग दिवसाच्या उजेडात जुन्या तोंडाशेजारी धरून पाहायचा. कारण ओला रंग एक दिसतो, सुकल्यावर दुसरा, आणि दिव्याखाली तिसराच. चौथ्या नमुन्याला भावोजींनी मान हलवली. शेवटी चकाकी तेवढी पाण्याच्या पॉलिश पेपरने अलगद मारली. गंजाचे ओघळ काढले नाहीत, पोपडे रंगवले नाहीत. त्यांचे काम पुढची पन्नास वर्षे करतील.

कोपऱ्यातल्या सालापाशी मात्र सगळे अडले. १९५८ जसेच्या तसे लिहिले तर नवे तोंड खोटे बोलते. गाळले तर जुन्या कारागिराची उरलीसुरली खूण जाते. मला आपल्या देवळांवरचे लेख आठवले. अमक्याने बांधिले, अमक्याने जीर्णोद्धार केला, असे दोन्ही शक तेथे एकाखाली एक असतात; आणि त्यामुळेच इतिहासकाराला वाट सापडते. त्याप्रमाणे कोपऱ्यात ‘लेखन १९५८’ आणि त्याखाली ‘पुनर्लेखन २०२३’ असे लिहिले. रंगाऱ्यांना मी त्यांचे नावही घालायला सांगितले. ते आधी संकोचले, मग बारीक कुंचला घेऊन त्यांनी ते घातले.

द्वैभाषिक मुलखातल्या मराठी घरांना या सगळ्यातून मला एवढेच सांगायचे आहे. आपल्याकडे घराच्या, दुकानाच्या, वाचनालयाच्या, व्यायामशाळेच्या जुन्या पाट्या अजून शिल्लक आहेत, आणि येत्या काही वर्षांत त्या एकामागून एक उतरणार आहेत. पाटी बदलायला कुणाची ना नाही. गावच्या दुसऱ्या भाषेत तिच्यावर एक ओळ वाढवायलाही ना नसावी. शेजाऱ्याला वाचता येऊ नये अशी पाटी कसली? पण उतरवण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्या. चौकटीखालची कड पाहून ठेवा. अक्षरे कागदावर उतरवून घ्या, साल शोधा, आणि तो कागद घरच्या दप्तरात ठेवा. रंगाऱ्याच्या हाती मजकूर देताना तो स्वच्छ लिहून द्या. तोंडी सांगितलेला ळ बहुधा वाटेतच हरवतो. फ्लेक्स छापायचा असेल तर छापण्यापूर्वी एकदा वाचून पाहा. त्या यंत्रात ळ असतो. तो मागणारा माणूस समोर उभा नसतो म्हणून ल छापला जातो.

रंग विटेल, पत्रा सडेल, वळण काळाप्रमाणे थोडेफार बदलेल. हे सगळे गेले तरी शब्द उरतो, आणि तो उरावा यासाठी त्याची अक्षरे पुरी असावी लागतात. भाषा संमेलनात टिकते तशी ती दुकानाच्या दारावरही टिकते. आणि दारावर टिकवायला ठरावाची गरज नसते, रंगाऱ्याशी दोन मिनिटे बोलण्याची असते.